थीम पार्कची ट्रिप ठेवू की कॅन्सल करू? साथ चालू असताना ठरवायचं कसं, पायरी-पायरीने

२०२५च्या मे-जूनमध्ये कोविडच्या केसेस परत वाढल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर लगेच सुरू झालं, पार्क चालू आहे ना, कुणी फोन करून विचारलं का, सुट्टीचं बुकिंग आहे हो आमचं. २०२२मध्ये पण सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता, माझा पण, आणि त्या एका प्रश्नाच्या नादात आमचे हॉटेलचे सगळे पैसे गेले. पार्क चालू आहे का हे विचारायचंच, पण पाचव्या नंबरला. त्याच्या आधी चार गोष्टी येतात आणि लोक नेमक्या त्याच गाळतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. क्रम मोडू नका, त्यातच सगळं आहे.

अजून एक. बडोद्यात राहून राहून आपल्याला एक गुजराती शब्द फार सोयीचा झालाय, ‘जोईशुं’. बघू. आमचे हे दर वाक्याला म्हणतात. ट्रिपच्या बाबतीत हा शब्द घरात बंद करा, कारण ‘बघू’ म्हणत बसलात तरी तारखा आपल्या पुढे सरकतच असतात.

तयारी: बसायच्या आधी काय काय जमवायचं

एक मोठा कागद घ्या, फ्रिजला लावता येईल असा. मोबाईलमध्ये नोट करू नका, ती एकालाच दिसते आणि मग ‘मला कुठे सांगितलंस’ सुरू होतं. जवळ काढून ठेवा: हॉटेलचा कन्फर्मेशनचा ईमेल (व्हाउचर नको, ज्यात खाली बारीक अक्षरात कॅन्सलेशनचं लिहिलेलं असतं तो), पार्कची तिकिटं, रेल्वेची किंवा विमानाची तिकिटं, गाडीवाल्याला किती ॲडव्हान्स दिलाय ते, घरातल्या प्रत्येकाच्या लशीच्या तारखा, आणि वडीलधाऱ्यांच्या रोजच्या गोळ्यांची यादी. गोळ्यांची यादी कशाला ते तिसऱ्या पायरीत कळेल.

१. आधी मुदती, मग मतं

प्रत्येक बुकिंगसमोर तीन गोष्टी लिहा. फुकट कॅन्सल कधीपर्यंत होतं, त्यानंतर किती कापतात, आणि परत मिळतं ते रोख की नुसती तारीख बदलून.

आमचं काय झालं ते सांगते म्हणजे लक्षात येईल. महाराष्ट्रात थीम पार्कं २२ ऑक्टोबर २०२१पासून परत उघडली, आम्ही नोव्हेंबरमध्ये २२-२३ जानेवारीचा शनिवार-रविवार धरून पार्कची तिकिटं काढली, लोणावळ्याला हॉटेल घेतलं, पुण्याकडच्या गाडीचं थ्री एसी काढलं. हॉटेल फुकट कॅन्सल करायची शेवटची तारीख होती ७ जानेवारी. १ जानेवारीला देशात दिवसाच्या केसेस साधारण बावीस हजार होत्या, आमचे हे म्हणाले एवढ्या मोठ्या देशात बावीस हजार म्हणजे काय, जोईशुं. ८ तारखेला आकडा एक लाख चाळीस हजारांच्या वर गेला आणि त्याच रात्री महाराष्ट्र सरकारचा हुकूम आला की १० तारखेपासून मनोरंजन पार्कं, प्राणिसंग्रहालयं, म्युझियम सगळं बंद. पार्कच्या तिकिटांची तारीख बदलून मिळाली, तिथे काही अडचण आली नाही. ९ला सकाळी मी हॉटेलला फोन लावला तर पलीकडचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘मॅडम, पार्क बंद आहे, हॉटेल तर चालू आहे ना, तुम्ही या, राहा.’ कागदावर त्याचं बरोबरच होतं. मुदत संपून दोन दिवस झाले होते आणि हॉटेल खरंच चालू होतं. दोन खोल्या, दोन रात्री, एक पैसा परत नाही.

यातली चूक नीट समजून घ्या. पार्क बंद झालं तर पार्क बघेल, पण हॉटेल, गाडीवाला, रेल्वे यांचा पार्कशी काही संबंध नसतो. प्रत्येकाचा हिशोब वेगळा चालतो.

दुसरं, पैसे किती परत मिळणार हे बरेचदा आधी कोण कॅन्सल करतं त्यावर असतं. ट्रेन रेल्वेने रद्द केली तर पूर्ण पैसे, तुम्ही तिकीट रद्द केलंत तर कापून. तेव्हाच्या नियमाने थ्री एसीच्या कन्फर्म तिकिटाला ४८ तासांच्या आधी माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी, ४८ ते १२ तासांत भाड्याच्या २५ टक्के, १२ ते ४ तासांत निम्मे कापायचे, त्यानंतर काहीच परत नाही. आज काय नियम आहे तो तुमच्या तिकिटाच्या तारखेला बघून कागदावर लिहा. विमानाचं पण तसंच, कंपनीने उड्डाण रद्द केलं तर गोष्ट वेगळी, तुम्ही घाबरून केलंत तर वेगळी. म्हणून हॉटेल मुदतीच्या आत आणि रेल्वे-विमान त्यांच्या पुढच्या कापाकापीच्या टप्प्याच्या जरा आधी, असं मागेपुढे सोडायचं. सगळं एका दमात कॅन्सल करून टाकणारे लोक इथेच मार खातात.

तिसरं, क्रेडिट शेल (म्हणजे विमान कंपनी रोख न देता पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवते ती रक्कम) मिळालं म्हणजे पैसे हातात आले असं समजू नका. २०२०च्या लॉकडाउननंतर विमान तिकिटांची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १ ऑक्टोबर २०२०ला निकाल आला, त्यात लॉकडाउनच्या काळातच काढलेल्या आणि त्याच काळात प्रवास असलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत द्या असं होतं, आणि बाकीच्या बऱ्याच तिकिटांना ३१ मार्च २०२१पर्यंत चालेल अशा क्रेडिटची सोय. म्हणजे तिकीट कधी काढलं ही तारीख पण पैशाइतकीच महत्त्वाची, ती पण लिहा.

इन्शुरन्सवाल्यांना फोन करून एकच सरळ प्रश्न विचारा: मी आजारी नाही, पार्क चालू आहे, पण मला भीती वाटते म्हणून जात नाही, तर पैसे मिळतील का? साध्या पॉलिसीत उत्तर नाही असंच येतं. तोंडी हो म्हणाले तर ईमेलवर मागा.

तपासा: कागदावरच्या सगळ्या तारखांत जी सगळ्यात आधी येते तिला लाल गोल करा. तिच्या आदल्या संध्याकाळी तुमचा निर्णय होणार. प्रवासाच्या आदल्या दिवशी नाही.

२. घरातला सगळ्यात नाजूक माणूस कोण

इथे लोक फक्त जाणाऱ्यांना मोजतात. आमच्याकडे जाणार होतो आम्ही चौघं, आम्ही दोघं आणि मुलं. सासूबाई येणारच नव्हत्या, त्यांना त्या पाळण्यांचा आवाजच सहन होत नाही. पण त्यांना डायबिटीस, वय तेव्हा अडुसष्ट, आणि परत आल्यावर आम्ही त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात शिरणार होतो. म्हणजे रिस्कचा हिशोब त्यांच्यावरून धरायचा होता, माझ्या सात वर्षांच्या उड्या मारणाऱ्या पोरावरून नाही.

प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: वय, डायबिटीस, दमा, हार्ट, किडनी, कॅन्सरची ट्रीटमेंट, कुणी गरोदर आहे का, आणि लशीचा शेवटचा डोस कधी झाला. डोस झाला म्हणजे त्याच दिवशी चिलखत चढलं असं होत नाही, दोन आठवडे तरी धरा. आमच्या मोठीचा पहिला डोस ५ जानेवारीला झाला, १५ ते १८वाल्यांचं ३ जानेवारीपासूनच सुरू झालं होतं, दुसरा २८ दिवसांनी. म्हणजे तिचं सगळं पूर्ण व्हायला फेब्रुवारीचा मध्य उजाडणार, ट्रिप जानेवारीत, आणि आम्ही मात्र खुशाल ‘सगळ्यांचं व्हॅक्सिनेशन सुरू आहे’ म्हणत होतो.

आता डॉक्टरांना फोन करा, पण ‘जाऊ का’ असं विचारू नका, ते काळजी घ्या म्हणतील आणि फोन ठेवतील. असं विचारा: आईंना या आठवड्यात कोविड झाला तर घरी सांभाळता येईल की ॲडमिट करावं लागेल? या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

थांबा: नाजूक माणसाला परतल्यावर पाच दिवस वेगळं ठेवायची सोय आहे का? वेगळी खोली, वेगळं बाथरूम, नाहीतर नणंदेकडे पाठवणं? दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत पाच माणसं असतील तर सोय नाही असंच लिहा, उगाच मनाची समजूत घालू नका. सोय नसेल आणि डॉक्टरांचं उत्तर ‘ॲडमिट’ असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही, सरळ सहाव्या पायरीतल्या कॅन्सल करायच्या भागावर जा.

३. ‘तिथे अडकलो तर’ याचा हिशोब

ट्रिपचा खर्च सगळे काढतात, अडकण्याचा कुणी काढत नाही. ३१ ऑक्टोबर २०२१ला शांघायच्या डिस्नेलँडमध्ये आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एकीची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली म्हणून आत माणसं असतानाच गेट बंद केले आणि रात्री उशिरापर्यंत एकेकाची टेस्ट केली, ३३ हजारांच्या वर माणसं होती. आपल्याकडे एवढं होणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात पोराला ताप भरला तर काय, हे तुमच्या-माझ्या बाबतीत होऊच शकतं.

कागदावर लिहा: अजून पाच-सात रात्रींचं भाडं किती, जवळचं मोठं हॉस्पिटल कुठे, आजारी माणसाजवळ कोण राहणार, दुसऱ्या मुलाला घेऊन परत कोण येणार, ऑफिसात सुट्टी आहे का. ताप असलेल्या माणसाला घेऊन ट्रेनने परत यायचं नाही, हे धरूनच हिशोब करा. आणि औषधं, त्या यादीप्रमाणे ट्रिपचे दिवस अधिक दहा दिवस एवढ्या गोळ्या बरोबर घ्या. घरी राहणाऱ्यांच्या पण भरून ठेवा, कारण आणून देणारे तुम्हीच असता ना.

परदेशातलं पार्क असेल तर हा हिशोब दहापट मोठा होतो. बडोद्यातल्या निम्म्या घरांतलं कुणीतरी न्यू जर्सीला आहे आणि तिकडे गेलं की ऑर्लँडो ठरलेलंच. पण पार्क चालू असून उपयोग काय, देशात शिरता यायला हवं. अमेरिकेने ४ मे २०२१पासून भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांना बंदी घातली ती ८ नोव्हेंबरला उठली, आणि त्या सगळ्या काळात ऑर्लँडोचं डिस्ने चालूच होतं.

४. रद्द करायच्या अटी आत्ताच लिहा

ही पायरी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. डोकं शांत असताना, मुलांना बाहेर खेळायला पाठवून, तीन-चार अटी लिहा ज्यातली एक जरी खरी झाली तरी ट्रिप रद्द. वाद घालायचा तो आत्ता घाला, त्या दिवशी नाही. आमच्या २०२५च्या कागदावर अशा होत्या:

घरात कुणालाही आधीच्या पाच दिवसांत ताप, घसा, खोकला. आईंच्या डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं. आपल्याकडे किंवा तिकडे हॉस्पिटलात भरती होणारे सलग आठवडाभर वाढतायत. ठरलेल्या तारखेपर्यंत पार्कचं किंवा राज्याचं काही स्पष्ट नाही.

केसेसच्या आकड्याची अट ठेवली नाही, मुद्दाम. घरच्या घरी किटवर टेस्ट केलेल्या कुठेच मोजल्या जात नाहीत, त्यामुळे तो आकडा कमीच दिसतो. आकडा बघायचाच असेल तर सात दिवसांत दुप्पट झाला का एवढं बघा. २०२२ला आठवड्यात सहापट झाला होता आणि आम्ही बावीस हजारालाच चिकटून बसलो होतो.

५. आता विचारा पार्क चालू आहे का

चालू आहे हे कळलं तरी काय काय चालू आहे ते विचारा. ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रात पार्कं उघडली तेव्हा पाण्याच्या राइड्सना परवानगी नव्हती, कितीतरी लोक स्विमिंगचे कपडे भरून गेले. हे प्रश्न लिहून ठेवा: कुठल्या राइड बंद आहेत, तिकिटाबरोबर त्या दिवसाचं वेगळं बुकिंग लागतं का (ऑर्लँडोला २०२०मध्ये परत उघडल्यावर हेच होतं, हातात तिकीट आहे पण त्या तारखेची जागा घेतलेली नाही म्हणजे आत नाही), लहान मुलांचं सर्टिफिकेट मागतात का, तारीख किती वेळा बदलून मिळते.

मग राज्याचा हुकूम, दोन्ही बाजूंचा. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्रात जायला दोन डोस नाहीतर ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर, आणि इकडे बडोद्यात ८ तारखेपासून रात्री १० ते सकाळी ६ कर्फ्यू. मध्यरात्री स्टेशनवर उतरून रिक्षा मिळेल का हा पण प्रश्नच होता. फॉरवर्ड झालेला फोटो बघून ठरवू नका, हुकूमाची तारीख बघा, अर्धे फॉरवर्ड मागच्या लाटेचे असतात.

आणि आज चालू म्हणजे त्या दिवशी चालू असं नाही. हाँगकाँगचं डिस्नेलँड २६ जानेवारी २०२०ला बंद झालं, १८ जूनला उघडलं, १५ जुलैला परत बंद, २५ सप्टेंबरला उघडलं, २ डिसेंबरला परत बंद. एका वर्षात तीनदा. जूनमध्ये उघडलं म्हणून ज्यांनी जुलै अखेरचं बुकिंग केलं असेल त्यांचं काय झालं असेल बघा.

६. ठरवायची संध्याकाळ

लाल गोलाच्या आदल्या दिवशी जेवण झाल्यावर बसा, कागद समोर, अटी एकेक करून वाचा. एकही लागू नसेल तर जायचं. एक जरी लागू असेल तर त्याच बैठकीत फोन लावा, उद्या सकाळी नको.

कॅन्सल करायचा क्रम: पहिलं हॉटेल, मग गाडीवाला, मग पार्कची तारीख बदलणं, आणि रेल्वे-विमान आपल्या टप्प्याप्रमाणे शेवटी. फोनवर बोललात तरी लगेच ईमेल टाका, ‘आत्ता आपलं बोलणं झाल्याप्रमाणे’ असं लिहून, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव घालून. गाडीवाल्याशी जरा माणुसकीने बोला, त्याचा पण धंदा बसलेलाच असतो, आमच्याने अर्धा ॲडव्हान्स पुढच्या ट्रिपला वळता केला आणि खरंच केला.

मधला रस्ता पण असतो हे लोक विसरतात. सगळे जाणार किंवा कुणीच नाही असं नसतं. ई-तिकिटावरून एकाचंच नाव रद्द करता येतं. किंवा लांबचं सोडून दिवसाभरात जाऊन येता येईल असं जवळचं काही, बडोद्याजवळ आजव्याच्या बाजूला, आपली गाडी, संध्याकाळी घरी, हॉटेल नाही आणि अडकायची भीती पण कमी.

मुलांना सांगताना ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणू नका. माझ्या धाकट्याने ते नक्की कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

७. जायचं ठरलं तर आधीचे पाच दिवस

सगळे पार्कातल्या गर्दीला घाबरतात आणि त्याआधी लग्न, नाटक, मॉल सगळं करून घेतात. आमची २०२२ची ट्रिप झाली असती तर आठच दिवस आधी उत्तरायण होतं, म्हणजे संक्रांतीचे पतंग. गच्चीवर तीस माणसं, एकाच ताटातलं उंधियू, ‘काप्यो छे’ म्हणून ओरडणं आणि रात्री सगळे एका खोलीत. त्यानंतर पार्कात मास्क लावून काय होणार होतं.

निघायच्या दोन दिवस आधी एक आणि निघायच्या सकाळी एक अशी किटवर टेस्ट करा, ४८ तासांच्या फरकाने दोनदा केली तर जास्त भरवशाची. लक्षणं असताना किट निगेटिव्ह आलं म्हणून निघायचं नाही, सुरुवातीला ते बरेचदा चुकतं.

८. पार्कातला दिवस

उघड्यावरचे पाळणे आणि रोलर कोस्टर एवढे घाबरण्यासारखे नाहीत, वारा असतो. रिस्क असते ती बंद जागांत: राइडच्या आधीची बंद खोलीतली रांग, अंधाऱ्या राइड, थिएटर, फूड कोर्ट, लॉकर आणि कपडे बदलायच्या खोल्या. क्लोरीनच्या पाण्याने कोविड होत नाही, पण ते कपडे बदलायची खोली कोंदट असते, तिथे आत-बाहेर पाच मिनिटांत.

गेट उघडतानाच आत शिरा आणि बंद राइड आधी उरका, तेव्हा रांगा नसतात. लोक उलटं करतात, सकाळी मोकळ्यात फिरतात आणि दुपारी ऊन लागलं की सगळे एसीत घुसतात. जेवण पावणेबाराला, बाहेरच्या टेबलावर. मास्क माणशी तीन, झिपच्या पिशवीत, कारण ओला झालेला मास्क लावून काही उपयोग नाही. जपानमध्ये २०२०ला पार्कं उघडली तेव्हा कोस्टरवर किंचाळू नका, मनातल्या मनात किंचाळा असं सांगत होते आणि एका पार्कच्या दोन साहेबांनी सूट घालून तोंड मिटून बसून दाखवलं पण. आपल्या पोरांना हे सांगून बघा. निदान मास्क लावून किंचाळा म्हणा.

गाडीत एसी लावलात तर आतलीच हवा फिरवायचं बटण बंद आणि एक काच दोन बोटं खाली.

९. परत आल्यावर

तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी टेस्ट, लक्षणं नसली तरी. तोवर नाजूक माणसाबरोबर जेवायला बसायचं नाही, घरात मास्क, खिडक्या उघड्या. जून २०२५ला आम्ही गेलो होतो, कागदावरची एकही अट लागली नाही म्हणून, आणि आई ते पाच दिवस माझ्या नणंदेकडे, इथेच बडोद्यात मांडवीला राहिल्या. दुसऱ्याच दिवशी धाकट्याने हट्ट धरला की आजीला भेटायचंय. मग खाली रस्त्यावर उभा राहून फोटो दाखवत होता, त्या वरून गॅलरीतून बघत होत्या आणि ओरडून विचारत होत्या, खाल्लंस का नीट. पाचव्या दिवशी सकाळी किटवर एकच रेघ आली, फोटो काढून नणंदेला पाठवला, आणि अकरा वाजता त्यांना रिक्षाने घरी आणलं.